आकड्यांची उलटतपासणी

परीक्षांचे दिवस जवळ आले की महाविद्यालयांच्या निरनिराळ्या विभागांतून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे गठ्ठे साचू लागतात. रंगीत मुखपृष्ठ, व्यवस्थित बांधणी, आरंभी मार्गदर्शकांचे आभार आणि अखेरच्या पानावर संदर्भसूची, असा त्यांचा ठरीव घाट असतो. अलीकडे ही संदर्भसूची लांबत चालली आहे. पूर्वी जेथे दोन पाठ्यपुस्तके आणि एखादे वर्तमानपत्र यांवर भागत असे, तेथे आता वीस-पंचवीस नोंदी सहज आढळतात. ही प्रगतीच म्हणावयाची, परंतु त्याच प्रकल्पाच्या आतील पानावरच्या एखाद्या टक्केवारीकडे बोट दाखवून "हा आकडा कोणी काढला?" असे विचारले, तर उत्तर येते, "सर, तो नेटवर आहे." आकडा कोठे सापडला हे विद्यार्थ्याला ठाऊक असते, तो कसा जन्मास आला, हा प्रश्न त्याच्या मनात उद्भवलेलाच नसतो.

या प्रश्नाकडे केवळ परीक्षेतील गुणांच्या दृष्टीने पाहून चालणार नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधनाला स्थान दिले आहे. शाळेपासूनच प्रकल्प हा शिक्षणाचा भाग झाला आहे. म्हणजे प्रत्येक सुशिक्षित तरुण आता आयुष्यात कधीतरी 'संशोधन' करणार आहे. त्याला स्रोत पारखण्याची सवय लागली नाही, तर संशोधनाच्या नावाखाली उतरवून काढण्याचीच कला वाढीस लागेल.

स्रोतांच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोकाच्या वृत्ती दिसतात. एक अंधश्रद्धेची. जे छापून आले, विशेषतः ज्यावर सरकारी मोहोर आहे, ते प्रमाण मानून पुढे जायचे. दुसरी सरसकट अविश्वासाची. "आकडे काय, हवे तसे वाकवता येतात" असे म्हणून सारेच मोडीत काढायचे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन वृत्तींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे श्रम वाचविण्याची इच्छा. श्रद्धावानाला तपासायचे नसते आणि अविश्वासूलाही तपासायचे नसते. न्यायालयात साक्षीदार उभा राहिला की त्याचे सारे खरे किंवा सारे खोटे असे कोणी आधीच ठरवीत नाही. त्याला प्रश्न विचारले जातात. त्याने काय पाहिले, कोठून पाहिले, आणि या खटल्यात त्याचा काही हितसंबंध आहे काय, हे तपासले जाते. संदर्भस्रोत हा असाच एक साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी करता येणे, हे प्रकल्प लिहिणाऱ्याचे पहिले शिक्षण होय.

एका वर्षात निम्म्यावर?

ही उलटतपासणी कशी असते, हे एका उदाहरणाने पाहू. महाराष्ट्रातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा विषय परका नाही. दरवर्षी कोणी ना कोणी तो प्रकल्पासाठी निवडतोच. त्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा अपघाती मृत्यू व आत्महत्यांविषयीचा वार्षिक अहवाल हा सर्वांत सुलभ स्रोत. या अहवालानुसार २०१३ साली देशात शेतीत स्वयंरोजगारित असलेल्या ११,७७२ व्यक्तींनी आत्महत्या केली. २०१४च्या अहवालात शेतकऱ्यांच्या आत्महत्या ५,६५० इतक्या दिल्या आहेत. हे दोन आकडे शेजारी मांडून स्तंभालेख काढला, की एका वर्षात आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या असा निष्कर्ष आपोआप निघतो. आकडे दोन्ही खरे. स्रोत दोन्ही सरकारी आणि एकाच विभागाचे. तरीही निष्कर्ष चुकीचा.

याचे कारण त्याच अहवालाच्या तक्त्यांत दडलेले आहे. २०१४ पासून या विभागाने वर्गवारी बदलली. स्वतःची किंवा खंडाने घेतलेली जमीन कसणारे ते शेतकरी आणि ज्यांच्या उपजीविकेचे मुख्य साधन शेतावरील मजुरी आहे ते शेतमजूर, अशा दोन स्वतंत्र नोंदी होऊ लागल्या. त्या वर्षी शेतमजुरांच्या आत्महत्या ६,७१० होत्या. दोहोंची बेरीज १२,३६० होते. जे निम्म्यावर आल्यासारखे भासले, ते प्रत्यक्षात दोन रकान्यांत विभागले गेले होते. आता कोणी उलट बाजूने असे म्हणेल, की मग ११,७७२ वरून संख्या १२,३६० वर गेली, म्हणजे ती वाढली. तर तेही निर्विवादपणे म्हणता येत नाही. व्याख्याच बदलल्यावर आधीच्या रकान्यात कोणाचा समावेश होता आणि कोणाचा नव्हता, हे तपासल्यावाचून दोन वर्षांची तुलना सदोषच राहणार. प्रामाणिक विद्यार्थ्याने अशा वेळी आलेखात २०१३ आणि २०१४ यांच्यामध्ये एक उभी रेघ मारावी आणि खाली लिहावे, की येथे व्याख्या बदलली आहे. त्या एका ओळीचे मोल वीस संदर्भांहून अधिक आहे.

पण उलटतपासणी येथे संपत नाही. आत्महत्या केलेली व्यक्ती शेतकरी होती, हे प्रथम कोण लिहितो? या विभागाकडे येणारी माहिती पोलीस ठाण्यातील नोंदींवरून वर चढत जाते. पंचनामा करणाऱ्या हवालदाराने घरच्यांना व्यवसाय विचारला, त्यांनी जे सांगितले किंवा त्याला जे उमगले, ते रकान्यात आले. दिवसभर शेतात राबणारी, पण जिच्या नावावर सातबारा नाही अशी बाई येथे 'गृहिणी' म्हणून नोंदली जाण्याचा संभव मोठा असतो. ती आत्महत्यांच्या एकूण संख्येत असते; शेतकऱ्यांच्या संख्येत नसते.

महसूल खात्याचा आकडा पाहिला तर चित्र आणखी बदलते. महाराष्ट्रात अशा मृत्यूंची नोंद महसूल खातेही ठेवते. परंतु त्या मोजणीचा हेतू निराळा आहे. मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य द्यावयाचे की नाही हे ठरविण्यासाठी ती केली जाते. म्हणून तेथे प्रकरणांचे 'पात्र' आणि 'अपात्र' असे भाग पडतात. कुटुंबाच्या नावे शेतजमीन आहे काय, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते काय, ते थकले होते काय, असे निकष लावले जातात. तोंडी कराराने दुसऱ्याची जमीन कसणारा किंवा नातेवाइकाकडून हातउसने घेणारा या निकषांतून सहज निसटतो. 'अपात्र' याचा अर्थ तो मनुष्य शेतकरी नव्हता असा नाही. साहाय्याच्या नियमात त्याचे प्रकरण बसले नाही, एवढाच आहे. जो विद्यार्थी केवळ पात्र प्रकरणांची संख्या घेऊन "शेतकऱ्यांच्या आत्महत्या" असे शीर्षक देतो, तो नकळत एका प्रशासकीय निर्णयाला सामाजिक वास्तवाचे नाव देत असतो. पोलिसांचा आकडा आणि महसूल खात्याचा आकडा यांत फरक पडला, की कोणीतरी लबाडी करीत आहे असा तर्क केला जातो. वस्तुतः पुष्कळदा दोघेही आपापल्या प्रश्नाचे उत्तर देत असतात. प्रश्नच दोन असतात.

विचारावयाचे प्रश्न

या एका उदाहरणातून उलटतपासणीचे प्रश्न हाती येतात. कोणी मोजले आणि कोणत्या कामासाठी मोजले? ज्या शब्दाखाली मोजले त्याची व्याख्या काय? माहिती कोणी सांगितली आणि ती कशी विचारली? ती कोणत्या काळाची आहे? आणि या मोजणीतून कोण सुटले? हे पाच प्रश्न कोणत्याही विषयातील विद्यार्थ्याला पुरेसे आहेत.

व्याख्येचे महत्त्व बेरोजगारीच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२२-२३ या वर्षी पंधरा वर्षे व त्यावरील वयोगटात बेरोजगारीचे प्रमाण ३.२ टक्के होते. आणि त्याच वर्षी, त्याच सर्वेक्षणानुसार ते ५.१ टक्केही होते. पहिला आकडा मागील संपूर्ण वर्षाचा विचार करणाऱ्या 'सामान्य स्थिती'चा, तर दुसरा मागील सात दिवसांपुरत्या 'साप्ताहिक स्थिती'चा आहे. वर्षातून महिनाभराचे दुय्यम काम मिळालेला मनुष्य पहिल्या मोजणीत रोजगारित ठरतो. दुसऱ्या मोजणीत त्या सात दिवसांपैकी एखाद्या दिवशी तासभर तरी काम केलेले असावे लागते. सत्ताधाऱ्यांच्या भाषणात पहिला आकडा येतो आणि विरोधकांच्या भाषणात दुसरा. दोघांचीही भाषणे उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याने निदान व्याख्या तरी लिहावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर ठरते. २००४-०५ सालच्या दारिद्र्याविषयी नियोजन आयोगाने राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे दोन अंदाज प्रसिद्ध केले होते. एकानुसार २७.५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, तर दुसऱ्यानुसार २१.८ टक्के. पाहणी एकच. पहिल्या अंदाजात सर्व वस्तूंवरील खर्च मागील तीस दिवसांचा धरला होता; दुसऱ्यात कपडे, पादत्राणे, टिकाऊ वस्तू, शिक्षण आणि रुग्णालयातील उपचार यांचा खर्च मागील वर्षभराचा धरला होता. गरीब घरात कपडे दर महिन्याला घेतले जात नाहीत; सणासुदीला किंवा लग्नकार्याला घेतले जातात. महिन्यापुरते विचारले तर तो खर्च पुष्कळ घरांत शून्य निघतो. वर्षाचा विचारला तर तो दिसू लागतो, आणि काही कुटुंबे कागदावर दारिद्र्यरेषेच्या वर चढतात. स्मरणाचा कालावधी बदलताच देशातील काही कोटी माणसे रेषेच्या या बाजूची त्या बाजूला जातात, हे ज्याला समजले तो पुढे कोणताही टक्का पाहताना क्षणभर थांबल्याशिवाय राहणार नाही.

काळाचा प्रश्नही असाच आहे. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली जनगणना २०२१ साली झाली नाही. मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून ती घेण्याचे २०२५ साली जाहीर झाले. म्हणजे २०११ नंतरच्या एखाद्या वर्षाचे दरडोई उत्पन्न आपण लिहितो, तेव्हा त्यातील 'डोई' मोजलेली नसते, अंदाजलेली असते. अंदाज शास्त्रीय असतात आणि ते वापरण्यात काही गैर नाही. परंतु ते अंदाज आहेत, एवढे म्हणण्याचे सौजन्य लेखनात हवे.

आपली परंपरा

स्रोतांची अशी चिकित्सा ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून आयात केलेली चैन आहे, असा काहींचा समज असतो. तो खरा नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वीस रुपये असल्याचे मांडले, हे आपण शाळेत पाठ करतो. परंतु त्यांनी ते कसे काढले, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. त्यांच्यापाशी स्वतःची पाहणी करण्याची साधने नव्हती. ब्रिटिश सरकारचेच प्रांतिक प्रशासन अहवाल त्यांनी आधाराला घेतले. मात्र ते जसेच्या तसे उचलले नाहीत. सरकारी अधिकारी निरनिराळ्या जिल्ह्यांचे भाव किंवा एकरी उतारे यांची नुसती बेरीज करून जिल्ह्यांच्या संख्येने भागीत आणि तीच सरासरी म्हणून छापीत. कोणत्या जिल्ह्यात किती एकर पीक आहे, याचा विचारच त्यात नसे. दादाभाईंनी हा दोष नेमका दाखवून दिला.

हा दोष किती मोठा असू शकतो? समजा, एका तालुक्यात ९०,००० एकरांत एकरी दोन क्विंटल पिकते आणि दुसऱ्यात १०,००० एकरांत एकरी आठ क्विंटल. नुसत्या भागाकाराने सरासरी पाच क्विंटल येते. क्षेत्र विचारात घेतले तर ती अवघी २.६ क्विंटल भरते. कागदावर सुबत्ता आणि घरात उपासमार, हा चमत्कार एका चुकीच्या सरासरीतून घडू शकतो. विरोधकाच्याच कागदपत्रांतून, ती न नाकारता आणि न पूजता, सत्य काढून घेण्याचा हा धडा आहे.

पुढे १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या दोघा अर्थशास्त्रज्ञांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६०-६१ साली सुमारे ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के नागरी जनता किमान आहाराच्या पातळीखाली होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच सुमारास ग्रामीण दारिद्र्य साठच्या दशकात कमी झाले असे बी. एस. मिन्हास यांनी, तर ते वाढले असे प्रणव वर्धन यांनी प्रतिपादन केले. सर्वांचा मूळ आधार राष्ट्रीय नमुना पाहणीच होता. मतभेदाचे एक मोठे कारण, महागाई वजा करण्यासाठी कोणता किंमत निर्देशांक वापरावयाचा, हे होते. वर्धन यांनी शेतमजुरांच्या राहणीमानाशी निगडित निर्देशांक घेतला; मिन्हास यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीतील निर्देशांक घेतला. गरिबाच्या ताटातील ज्वारी-तांदळाची महागाई आणि देशाची सर्वसाधारण महागाई एकच नसते. या वादाची थोरवी अशी, की प्रत्येकाने आपली रीत उघडपणे मांडली होती; म्हणूनच दुसऱ्याला ती तपासता आली. उत्तम स्रोताची हीच खूण आहे. तो आपली पाकक्रिया लपवीत नाही.

एक विहीर, दहा नळ

आजच्या विद्यार्थ्यासमोर माहितीची टंचाई नाही, पूर आहे. इंटरनेटला दोष देण्याची शिक्षकवर्गात एक रीत पडली आहे. परंतु पूर्वी ज्या अहवालासाठी मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत खेटे घालावे लागत, तो आज तालुक्याच्या गावी मिळतो, हा लाभ लहान नाही. अडचण वेगळीच आहे. एकच विधान दहा ठिकाणी आढळले की विद्यार्थ्याला दहा पुरावे मिळाल्यासारखे वाटते. मागोवा घेतला तर दहाही जणांनी ते एकाच ठिकाणाहून उचललेले निघते. विहीर एक, नळ दहा. पाणी गढूळ असेल, तर नळ वाढवून ते निवळत नाही. त्यात आता मागणीबरहुकूम उतारा लिहून देणारी यंत्रे आली आहेत. ती नीटनेटके लिहितात; पण कधीकधी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचे आणि न लिहिलेल्या लेखाचे नावही तितक्याच आत्मविश्वासाने देतात. जे पुस्तक आपण उघडले नाही त्याचे नाव सूचीत घालू नये, हा जुना नियम म्हणूनच आज अधिक कडकपणे पाळावयास हवा.

विद्यार्थ्याची स्वतःची प्रश्नावली हाही एक स्रोतच असतो, आणि तिला वरील प्रश्नांतून सूट नाही. वर्गातील तीस मित्रांना विचारून "६३.३३ टक्के तरुणांचे मत" असे लिहिणे हा दशांश चिन्हाचा गैरवापर आहे. संख्या मोठी असली तरी भागत नाही. १९३६च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करून लँडन विजयी होणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाने नावे घेतली होती ती मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातही बऱ्या स्थितीत असणाऱ्यांची. शिवाय मतपत्रिका परत पाठविण्याची तसदी सर्वांनीच घेतली नव्हती. कोण सुटले, हा पाचवा प्रश्न विचारला न गेल्याचा तो परिणाम होता.

आपण काय करावे?

या साऱ्याचा दोष केवळ विद्यार्थ्यांवर टाकता येणार नाही. संदर्भांच्या संख्येला आणि बांधणीला गुण दिले, तर विद्यार्थी संख्या आणि बांधणीच पुरवणार. एका शिक्षकाकडे शंभर-सव्वाशे प्रकल्प असताना प्रत्येकाचा प्रत्येक स्रोत कसा तपासावा, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय अधिक तपासण्याचा नाही, कमी मागण्याचा आहे. पंचवीस संदर्भांऐवजी पाच मागावेत. आणि त्यांपैकी ज्या एका स्रोतावर प्रकल्पाचा मुख्य निष्कर्ष उभा आहे, त्याविषयी एक पान लिहावयास लावावे. कोणी मोजले, व्याख्या काय, कसे विचारले, केव्हा, आणि कोण सुटले. तोंडी परीक्षेत त्या एकाच पानावर प्रश्न विचारावेत. उतरवून काढलेला प्रकल्प त्या पानाशी येऊन अडखळतो, असा अनुभव कोणत्याही शिक्षकाला येईल.

दुसरी गोष्ट जवळच्या स्रोतांची. जिल्हा जनगणना पुस्तिका, राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन', दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आगेमागे येणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' ही साधने मराठी विद्यार्थ्याच्या हाताशी असूनही दुर्लक्षित राहतात. त्यांतील आकडे आपल्या तालुक्याचे, आपल्या गावचे असतात. ते खरे वाटतात की नाही, हे विद्यार्थ्याला शिवारात जाऊन पाहता येते. आकडा आणि शिवार यांची गाठ घालून देणे, याहून चांगला प्रकल्प कोणता?

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती या मजकुराच्या वाचकांपैकी अनेकांना लागू आहे. आकडे आकाशातून पडत नाहीत. जनगणनेचे प्रगणक बहुशः शाळाशिक्षक असतात. तक्ते भरणारे हात कचेरीतील लिपिकांचे असतात. १९९१च्या जनगणनेपासून प्रगणकाने घरच्या शेतावर किंवा उद्योगात विनामोबदला केलेले कामही विचारात घ्यावे, असे प्रश्नातच नमूद केले गेले. तरीही दारात उभ्या पुरुषाला "बाई काय करतात?" असे विचारून, "काही नाही, घरीच असते" हे उत्तर लिहून घेऊन प्रगणक पुढच्या घरी गेला, तर पहाटेपासून खुरपणीला गेलेली ती स्त्री देशाच्या श्रमशक्तीतून नाहीशी होते. पुढे कोणी संशोधक त्या तक्त्यावरून स्त्रियांच्या कामाविषयी प्रबंध लिहितो, शासन योजना आखते, आणि विद्यार्थी प्रकल्प करतो. ज्याने विद्यार्थिदशेत एकदा तरी एखाद्या आकड्याला "तू कोठून आलास?" असे विचारले आहे, तो उद्या प्रगणक किंवा लिपिक म्हणून त्या दारात उभा राहिला, तर प्रश्न पुन्हा एकदा, नीट विचारील. प्रकल्पाच्या वहीतून एवढे साधले, तरी तिला दिलेले गुण वाया गेले असे म्हणता येणार नाही.